पत्त्याचा फॉर्म १७ ॲप्समध्ये, दुरुस्ती किती ठिकाणी? लो-कोडमधल्या सामायिक कॉम्पोनंटबद्दल अनुभव हवेत

परळची_पोर | मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. मी लोअर परळच्या एका कंपनीत काम करते. हॉस्पिटलांना लागणाऱ्या वस्तू पुरवणं हा आमचा धंदा, गोदाम भिवंडीला. गेल्या ४ वर्षांत आम्ही तिघांनी मिळून लो-कोड प्लॅटफॉर्मवर (जवळपास कोड न लिहिता ॲप बनवायची सोय) १७ छोटी ॲप्स उभी केली. ग्राहक नोंदणी, पुरवठादार नोंदणी, तक्रार, माल परत, प्रवासखर्च, गेटपास वगैरे. जवळपास प्रत्येकात नाव, पत्ता, पॅन, जीएसटी क्रमांक आणि बँकेचा तपशील येतोच. पहिल्या ॲपमध्ये हा भाग मी जीव ओतून बनवला होता. पुढच्या १६ मध्ये तो उचलून चिकटवला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्या ॲपवर तक्रार आली त्यात मी ड्रॉपडाउन बदलला. असं करत ६ ॲप्स झाली. उरलेली ११ तशीच आहेत हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. मार्चअखेर जिल्हावार विक्रीचा तक्ता काढला तेव्हा एकच जिल्हा दोन ओळींत आला. तिथल्या विक्री प्रतिनिधीचं टार्गेट अर्ध्यावर दिसलं आणि त्याचा इन्सेंटिव्ह अडकला. तो माझ्या टेबलापाशी आला. चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, मी दोन जिल्हे सांभाळतो का?" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

आता सामायिक कॉम्पोनंट (अनेक ॲप्सना वापरता येणारा फॉर्मचा एकच तुकडा) करून सगळं एका ठिकाणी आणायचंय. पण प्रश्न पडलेत. कॉम्पोनंट केवढा करावा, आख्खा पत्ता की एकेक फील्ड? त्याला हात लावायचा अधिकार कुणाला? आणि उद्या त्यात बदल केला तर चालू असलेल्या ॲप्सचं काय? ज्यांनी हे केलंय, करून पस्तावले आहेत, त्यांनी सविस्तर लिहा.

बोरिवली_फास्ट | रात्री १०:४१

आमच्याकडे २३ ॲप्स आणि मोबाइल नंबर तपासायच्या ४ तऱ्हा. एका ॲपमध्ये अजूनही फक्त ९ ने सुरू होणारा नंबर चालतो. ६ आणि ७ चे नंबर येऊन जमाना झाला, बिचारी नवी पोरं आईचा नंबर टाकून अर्ज भरतात. या धाग्यावर मुक्काम ठोकतोय. प्लॅटफॉर्म कुठला तुमचा?

परळची_पोर | रात्री १०:४८

नाव नको, दोष प्लॅटफॉर्मचा नाही. कॉपी करायची आणि जोडून ठेवायची, दोन्ही सोयी त्यात होत्या. कॉपी पटकन होत होती म्हणून मी ती घेतली.

कोकणकडा | रात्री ११:३०

ताई, सगळं इथूनच सुरू होतं. "पुन्हा वापरता येतो" या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूला आधी विचारायचं: मूळ बदललं तर तुझं काय होणार?

मेंडिक्स या लो-कोड प्लॅटफॉर्मचं उदाहरण घ्या. तिथे बिल्डिंग ब्लॉक आहे आणि स्निपेट आहे. नवख्याला दोन्ही सारखेच वाटतात. बिल्डिंग ब्लॉक पानावर टाकला की तो त्या पानाचा झाला, मुळाशी नातं संपलं. स्निपेट एकाच जागी राहतो, जिथे जिथे वापरलाय तिथे बदल उमटतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये कॉम्पोनंट लायब्ररी असते. लायब्ररीची नवी आवृत्ती प्रकाशित केली की ते ॲप पुढच्या वेळी एडिट करायला उघडणाऱ्याला सूचना येते, तो ती स्वीकारतो आणि ॲप पुन्हा पब्लिश करतो. तोपर्यंत वापरणाऱ्यांना जुनंच दिसतं. ओरॅकल एपेक्समध्ये शेअर्ड कॉम्पोनंट असतात. एका मुख्य ॲप्लिकेशनमधली ड्रॉपडाउनची यादी दुसऱ्यात सबस्क्राइब करता येते आणि मग रिफ्रेश मारून ताजी करता येते. म्हणजे कुठे बदल आपोआप पोहोचतो, कुठे विचारून, कुठे कधीच नाही. आपल्या प्लॅटफॉर्मचं उत्तर आधी कागदावर लिहून काढा.

दुसरं. कॉम्पोनंटने स्वतः सेव्ह करू नये. आउटसिस्टम्स या प्लॅटफॉर्मवरच्या ब्लॉकची (तिथला कॉम्पोनंट) रीत मला फार पटते: ब्लॉकला वरून इनपुट द्यायचे, आत काही घडलं की तो इव्हेंटने पानाला कळवणार, पुढे काय करायचं ते पान ठरवणार. आमच्याकडे एकाने हौसेने पत्त्याचा कॉम्पोनंट असा बनवला की पिनकोडच्या फील्डमधून बाहेर पडलं की तो थेट टेबलमध्ये लिहायचा. ग्राहक नोंदणीत हे खपलं. पुरवठादाराच्या फॉर्मवर लावला आणि लोकांनी अर्ध्यात सोडलेल्या शेकडो अर्जांचे पत्ते मास्टरमध्ये (मुख्य यादीत) जाऊन बसले. नाव नाही, पॅन नाही, नुसते पत्ते. ते साफ करायला दोघांचा आठवडा गेला.

नोट्सकाळ | बुधवार, सकाळी ६:५०

कोकणकडा यांनी चांगलं लिहिलंय. थोडा मागचा इतिहास जोडतो.

मी १९९७ साली फोर्टमधल्या एका ऑफिसात लोटस नोट्स या ऑफिसच्या सॉफ्टवेअरवर फॉर्म बांधायचो. 'लो-कोड' हा शब्द तेव्हा नव्हता, तो फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या अहवालातून २०१४ साली आला. काम मात्र हेच होतं. नोट्सच्या चौथ्या आवृत्तीत, १९९६ साली, सबफॉर्म आला. मंजुरीचा भाग एकदा सबफॉर्म म्हणून बनवायचा आणि खरेदी, रजा, किरकोळ खर्च अशा सगळ्या फॉर्मांत बसवायचा. खात्यानुसार वेगळा सबफॉर्म उघडेल अशीही सोय होती. शेअर्ड फील्ड म्हणून आणखी एक प्रकार होता, एकच फील्ड अनेक फॉर्मांत.

आता बदलाबद्दल. नोट्सच्या सर्व्हरवर 'डिझाइन' नावाचं एक काम रोज रात्री १ वाजता चालायचं. टेम्प्लेटमध्ये (मूळ साच्यात) केलेला बदल ते त्या टेम्प्लेटवर बेतलेल्या सगळ्या डेटाबेसांत पोहोचवायचं. एका संध्याकाळी मी मंजुरीच्या सबफॉर्ममधलं खर्चकेंद्राचं फील्ड सक्तीचं केलं आणि ५:५२ ची लोकल गाठली. सकाळी येऊन बघतो तर रजेचे अर्ज बंद. रजेच्या फॉर्मवर ते फील्ड लपवलेलं होतं. दिसत नव्हतं, पण भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. एका सहकाऱ्याच्या वडिलांचं त्याच दिवशी ऑपरेशन होतं, त्याचा अर्ज अडकून पडला. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली आणि कागदावर अर्ज लिहून साहेबांची सही आणली.

म्हणून माझं ठाम मत: बदल आपोआप सगळीकडे जाऊ देऊ नये. प्रत्येक ॲपवाल्याने बघून स्वीकारावा.

खोली_नं_१२ | सकाळी ९:१५

मी उलटा सूर लावतो. आम्ही सगळं सामायिक केलं आणि त्यातून बाहेर पडलो.

आमच्या घरकर्जाच्या कामात पत्ता हीच मुख्य गोष्ट. सुरुवातीला साधा कॉम्पोनंट होता: ओळ १, ओळ २, शहर, पिन. मग गिरगावातला अर्जदार आला. चाळीचं नाव, खोली नंबर, कितवा मजला, कुठल्या गल्लीतून आत. त्यासाठी एक स्विच, म्हणजे फील्ड दाखवायची-लपवायची सेटिंग. मग टॉवरवाल्यांसाठी विंग. मग पुनर्विकासात गेलेल्या इमारतींना सध्याचा पत्ता आणि होणारा पत्ता, दोन्ही. मग कायदा विभाग म्हणाला सिटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) हवा. पोस्टाचा, मालमत्तेचा, जामीनदाराचा, ऑफिसचा, प्रत्येकाला थोडं वेगळं. दीड वर्षात त्या एका कॉम्पोनंटला १४ स्विच लागले. कुठलं फील्ड कधी सक्तीचं आणि कधी लपलेलं हे बनवणाऱ्यालाही सांगता येईना. नवीन मुलीला पहिल्याच आठवड्यात तो दिला, ती दोन दिवस नुसती बघत बसली.

शेवटी आम्ही तो मोडला. मालमत्तेचा पत्ता वेगळा फॉर्म, पोस्टाचा वेगळा. पुनरावृत्ती आहे, मान्य. पण प्रत्येक फॉर्म वाचता येतो.

परळची_पोर | सकाळी ९:४०

@खोली_नं_१२ हे वाचून पोटात गोळा आला, कारण माझा आराखडा नेमका असाच आहे. 'सर्वसमावेशक पत्ता'. त्यात आत्ताच ५ स्विच आहेत.

सुवर्णरेघ | दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

खोली_नं_१२ यांचा अनुभव खरा आहे, पण तो पत्त्याचा आहे. पॅनच्या फील्डला १४ स्विच कधीच लागणार नाहीत. म्हणून फॉर्मचा तुकडा बघताना मी विचारते, यातला नियम कुणाचा? पॅनचा नियम आयकर विभागाचा. ५ अक्षरं, ४ आकडे, १ अक्षर. चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एफ फर्म, एच हिंदू अविभक्त कुटुंब, टी ट्रस्ट. हा नियम तुमच्या १७ ॲप्सपैकी एकालाही बदलायचा अधिकार नाही. तो एकाच जागी असायला हवा, वादच नको.

जीएसटी क्रमांकही तसाच. १५ अक्षरं. पहिली २ राज्याची, महाराष्ट्राला २७. पुढची १० म्हणजे पॅनच. मग त्याच पॅनवरची त्या राज्यातली कितवी नोंदणी ते, मग सर्वसाधारण करदात्याला झेड, आणि शेवटी तपासणीचं अक्षर. आता बघा, पॅन आधीच आत आहे. मग तुमच्या फॉर्मवर माणसाला पॅन पुन्हा का टाइप करायला लावता? जीएसटी भरला की पॅन आपोआप उचला, नोंदणी नसलेल्या छोट्या पुरवठादारालाच पॅन वेगळा विचारा. आम्ही हे केलं तेव्हा 'पॅन जुळत नाही' म्हणून परत येणारे अर्ज थांबलेच.

पत्त्याची मांडणी मात्र त्या त्या कामाची असते. भिवंडीच्या गोदामात ट्रक कुठल्या गेटने आत घ्यायचा हे गेटपासला हवं, प्रवासखर्चाला त्याचं काय? मांडणी वेगळी राहू दे, आतली फील्डं सामायिक घ्या.

आणि जिल्ह्यांची यादी हा तर कॉम्पोनंटच नव्हे! ती टेबलमध्ये ठेवायची गोष्ट. ड्रॉपडाउनमध्ये पर्याय हाताने टाइप केले तिथे चूक झाली. स्पष्ट लिहिल्याबद्दल राग नसावा.

परळची_पोर | दुपारी १:३०

राग कसला, हेच हवं होतं. हो, हाताने टाइप केले होते. ३६ च्या ३६.

बोरिवली_फास्ट | दुपारी २:१०

जिल्हा विचारायचाच कशाला? पिनकोड घ्या, जिल्हा आपोआप भरा. ४०० आलं की मुंबई. एक ड्रॉपडाउन कमी.

ठाणे_पश्चिम | दुपारी २:१४

४००६०१ हा ठाण्याचा पिन आहे. ४०० म्हणजे मुंबई म्हणणाऱ्यांना आम्ही तलावपाळीवर चहा पाजत नसतो. :)

कोकणकडा | दुपारी २:४०

वाशीचा ४००७०३, तोही ठाणे जिल्हा. आणि मुंबईतसुद्धा मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, १९९० पासून. पिन हा पोस्टाच्या वाटपासाठी आहे, महसुली हद्दीसाठी नाही. पिनवरून जिल्हा सुचवा, पण माणसाला तो बदलू द्या.

पिनचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, वेळणेश्वरचे. संस्कृतचे कवी. ६ आकड्यांत सगळा देश बसवला. मला तर फॉर्ममधलं सगळ्यात चांगलं फील्ड तेच वाटतं: लिपी कुठलीही असो, गावाचं नाव कसंही लिहिलेलं असो, पत्र पोहोचतं.

ठाणे_पश्चिम | दुपारी २:५५

वेलणकरांबद्दल माहीत नव्हतं. मनापासून धन्यवाद.

पालघरवाल्यांचाही विचार करा. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला. माझ्या मामांच्या सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर जिल्हा ठाणे, नव्यावर पालघर. दोन्ही बरोबर आहेत. फॉर्म मात्र एकालाच बरोबर मानतो.

सुवर्णरेघ | दुपारी ३:२०

ठाणे_पश्चिम, फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात. नाव बदलणं आणि जिल्हा फुटणं या दोन वेगळ्या घटना आहेत. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तेव्हा जागा तीच राहिली, नाव बदललं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले तेव्हाही तसंच. त्यामुळे नोंदीत नावाऐवजी कोड साठवला असता तर तक्त्यात दोन ओळी आल्याच नसत्या. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी आहे, तिथे प्रत्येक जिल्ह्याला कोड आहे. तोच घ्या, स्वतःचे कोड शोधत बसू नका. पालघर मात्र नवा जिल्हा, त्याला नवा कोड. तिथे जुन्या नोंदी कुठल्या तालुक्यातल्या हे बघूनच हलवाव्या लागतात.

आणि सगळ्यात मोठी काळजी: यादीतलं नाव बदललं म्हणून २०२२ च्या बिलावरचं नाव बदलता कामा नये. बिल ज्या दिवशी निघालं त्या दिवशीचा मजकूर त्यावर तसाच राहायला हवा.

पानसुपारी | संध्याकाळी ७:३५

यावर ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाच्या सॉफ्टवेअरची पद्धत बघण्यासारखी आहे. ती बनवणारी फ्रॅपे आपल्या मुंबईतलीच आणि सगळं ओपन सोर्स, त्यामुळे आत काय आहे ते उघडून बघता येतं. तिथे पत्ता हा स्वतंत्र डॉकटाइप (नोंदीचा प्रकार) आहे. ग्राहक असो, पुरवठादार असो, दोघांनाही तोच जोडतात. म्हणजे फॉर्मचा तुकडा सामायिक करण्याऐवजी नोंदच सामायिक केली. आणि बिल बनवताना त्या पत्त्याचा मजकूर बिलावर वेगळा उतरवून ठेवतात. सुवर्णरेघ म्हणतात तेच.

परळची_पोर, तुमच्या १७ ॲप्समध्ये एकच हॉस्पिटल किती वेळा नोंदलं गेलंय हे एकदा मोजा. मला वाटतं तुमचं खरं दुखणं तिथे आहे. कॉम्पोनंट कितीही सुंदर केला तरी त्यातून तोच पत्ता ५ ठिकाणी भरला जाणार असेल तर उपयोग काय?

परळची_पोर | संध्याकाळी ७:५०

मोजलं आत्ताच. परळचंच एक मोठं हॉस्पिटल ४ ॲप्समध्ये, ४ वेगळ्या स्पेलिंगने. गप्प बसलेय.

दुपारचा_चहा | रात्री ९:१०

सगळे पत्त्यातच अडकलात. नावाबद्दल कुणी बोलेना!

मी एका शिक्षणसंस्थेच्या प्रवेशाचे फॉर्म बघते. आमच्याकडे नावाचा सामायिक कॉम्पोनंट होता: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. ९ फॉर्मांत. महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असं लिहायचं. या वयाची मुलं आमच्या बालवर्गात आता यायला लागतील. तीन खणांचे चार झाले.

नुसता खण वाढवून भागलं नाही. आधीच्या मुलांच्या दाखल्यावर तीनच भाग आहेत, त्यांच्यावर चौथा लादता येत नाही. कित्येक घरांत आई एकटी मुलाला वाढवते, तिथे वडिलांचा खण सक्तीचा ठेवणं म्हणजे त्या बाईला काउंटरवर सगळ्यांसमोर बोलायला लावणं. दक्षिणेतल्या अनेक कुटुंबांना आडनावच नसतं. आम्ही शेवटी 'कागदपत्रावर आहे तसं पूर्ण नाव' हे एकच मोठं फील्ड मुख्य केलं आणि भाग त्याच्या खाली ऐच्छिक ठेवले. कॉम्पोनंट जोडलेला होता म्हणून ९ ही फॉर्मांत हे एका दुपारी झालं. कॉपी असत्या तर कुठल्यातरी एका फॉर्मवर तो सक्तीचा खण राहिलाच असता, आणि त्या फॉर्मसमोर नेमकी तीच आई उभी राहिली असती.

खोली_नं_१२, म्हणून मला तुमचं "मोडला आणि वेगळं केलं" पूर्ण पटत नाही.

खोली_नं_१२ | रात्री ९:४५

तुमचं उदाहरण ऐकून मी माझं वाक्य थोडं मागे घेतो. आमचं चुकलं ते सामायिक करण्यात नव्हतं, भलता तुकडा सामायिक करण्यात होतं. नाव, पॅन, पिन एकत्र राहायला हवेत. पण मालमत्तेचा पत्ता आणि पोस्टाचा पत्ता यांना अजूनही एकत्र आणणार नाही, त्यावर ठाम आहे. नाव सारखं म्हणून वस्तू सारखी होत नाही.

अक्षरओळख | गुरुवार, सकाळी ८:२०

लोकलमधून लिहितेय. मराठीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

गोदामातली माणसं फोनवर मराठी कळफलक ठेवतात. त्यावरून '४००६०१' असं देवनागरी आकड्यांत टाइप होतं आणि फॉर्म म्हणतो 'अवैध पिनकोड'. माणूस पुन्हा टाइप करतो, पुन्हा तेच. त्याला वाटतं आपलं चुकतंय. त्याचं काहीच चुकलेलं नसतं! तपासणीचा नियम फक्त इंग्रजी आकडे ओळखतो एवढंच. आम्ही आकड्यांचं एक सामायिक फील्ड केलं: देवनागरी आकडे आले की आत इंग्रजी करून घ्यायचे आणि मगच तपासायचे. पिन, मोबाइल, खातं नंबर, सगळीकडे तेच फील्ड. त्या दिवशी एका हमालकाकांनी पहिल्यांदा स्वतःचा गेटपास स्वतः भरला. माझ्यासाठी सामायिक कॉम्पोनंटचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

तसंच संमतीच्या मजकुराचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी एका भाषेत वाचायचा पर्याय द्यायचाय. हा मजकूर १७ ॲप्समध्ये १७ वेळा चिकटवू नका. भाषांतर एकदा नीट करून घ्या, वकिलाला एकदा दाखवा, एकाच जागी ठेवा. आणि कुणी कधी कुठल्या आवृत्तीला हो म्हटलं ते नोंदीत साठवा.

पगारवाले_काका | सकाळी ११:००

आयएफएससीचंही ऐका. ११ अक्षरं, पहिली ४ बँकेची, पाचवं शून्य, पुढची ६ शाखेची. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, १ एप्रिल २०२० ला आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात. जुने कोड काही काळ चालले, मग बंद झाले. आमच्या पगाराच्या फॉर्मवर फक्त साचा तपासला जायचा. जुना कोड साच्यात बरोबर बसतो, म्हणून फॉर्म हिरवी टिक द्यायचा. पगार मात्र परत यायचा. साचा बरोबर असणं वेगळं आणि तो कोड आज जिवंत असणं वेगळं, हे एवढं मला त्या महिन्यात समजलं.

परळची_पोर | सकाळी ११:२०

खूप मिळालं. दुसरा प्रश्न मात्र कुणी फारसा घेतला नाही. हात लावायचा अधिकार कुणाला? आणि नोट्सकाळ काका म्हणतात तसं प्रत्येक ॲपवाल्याने बघून स्वीकारायचं तर माझी पुन्हा तीच गत होईल. ६ स्वीकारतील, ११ विसरतील.

नोट्सकाळ | दुपारी १२:१५

रास्त शंका आहे. मीही यावर विचार करत होतो. माझा तो नियम वागणूक बदलणाऱ्या बदलांसाठी आहे: फील्ड सक्तीचं करणं, लपवणं, नवीन खण आणणं. यादीतली नावं, चुकीचं शुद्धलेखन, संमतीचा मजकूर यांना तो लावायची गरज नाही. यादी टेबलमध्ये असली की ती सगळीकडे लगेच बदलेल आणि बदलायलाच हवी.

कोकणकडा | दुपारी १:००

काकांशी सहमत. आणि वागणूक बदलणाऱ्या बदलासाठी आम्ही जुन्याला हातच लावत नाही. 'पॅन फील्ड २' असा नवा कॉम्पोनंट करतो, जुना तसाच चालू ठेवतो, आणि तो कुठल्या तारखेला काढणार हे सगळ्या ॲपवाल्यांना कळवतो. कोण कुठे वापरतंय याची नोंदवही ठेवतो, साधी शीट. काढण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी त्या शीटवरच्या प्रत्येकाला फोन. मेल नाही, फोन.

अधिकाराचं म्हणाल तर एक माणूस नेमा आणि त्याच्या कामाच्या यादीत ते लिहून घ्या. "सगळ्यांचं" म्हटलं की कुणीच बघत नाही. पण बदलाची मागणी कुणीही करावी, आणि मंजूर करताना किमान एक ॲपवाला सोबत असावा.

एक पान असंही बनवा ज्यावर तुमचे सगळे कॉम्पोनंट एकाखाली एक आहेत, प्रत्येक अवस्थेत: रिकामा, भरलेला, चुकलेला, फक्त वाचण्यासाठी, मराठीत, फोनच्या रुंदीत. बदल केला की आधी ते पान डोळ्यांखालून घालायचं. नोट्सकाळ काकांचं लपलेलं फील्ड अशा पानावर सापडलं असतं.

नोट्सकाळ | दुपारी १:१०

सापडलं असतं. तेव्हा कुणी सुचवलं असतं तर त्या माणसाची सकाळ तशी गेली नसती.

पानसुपारी | संध्याकाळी ६:३०

+१. त्या पानावर 'लपवलेलं पण सक्तीचं' ही अवस्था मुद्दाम ठेवा. आमच्याकडे तीच सगळ्यात जास्त वेळा फसते.

परळची_पोर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी ४:४५

धागा वर आणतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात तर पुढे काय झालं ते सांगायला हवं.

'सर्वसमावेशक पत्ता' रद्द केला. त्याऐवजी ५ छोटी जोडलेली फील्डं केली: पॅन, जीएसटी, पिन, मोबाइल, आयएफएससी. आकड्यांच्या फील्डांत देवनागरी आकडे चालतात (अक्षरओळख, तुमच्यासाठी खास). पॅन आता जीएसटीतून उचलला जातो. आयएफएससीला साच्याबरोबर चालू कोडांच्या टेबलशी पडताळणी लावली, ते टेबल दर महिन्याला ताजं करायची जबाबदारी अकाउंट्सने घेतली. जिल्हे टेबलमध्ये, डिरेक्टरीच्या कोडांसकट, प्रत्येक नावाला 'कधीपासून' ही तारीख. जुनी बिलं हलवली नाहीत.

१७ पैकी ९ ॲप्स नव्या फील्डांवर आणली. गेटपास आणि माल परत यांची पत्त्याची मांडणी वेगळीच ठेवली, खोली_नं_१२ यांचं ऐकून. कॉम्पोनंटची जबाबदारी माझ्याकडे लेखी आली, आणि मी रजेवर असताना कोण, हेही लिहिलंय. नमुना पानावर पहिल्याच दिवशी दोन चुका सापडल्या. पैकी एक लपलेल्या सक्तीच्या फील्डची.

हॉस्पिटलांची एकच यादी करायचं काम राहिलंय. पानसुपारी म्हणाले तसं खरं दुखणं तेच आहे, आणि ते फॉर्म बदलून जाणार नाही. विक्री, अकाउंट्स आणि गोदाम तिघांना एका टेबलावर बसवावं लागणार. पुढच्या सोमवारी बैठक आहे.

आणि तो जिल्हावार तक्ता कालच पुन्हा काढला. अहिल्यानगर एका ओळीत आलं. त्या प्रतिनिधीचा थकलेला इन्सेंटिव्ह या महिन्याच्या पगारात येतोय, मी स्वतः एचआरमध्ये जाऊन बघून आले.

ठाणे_पश्चिम | संध्याकाळी ५:०२

फार बरं वाटलं वाचून. पालघरच्या नोंदींचं काय केलंत?

परळची_पोर | संध्याकाळी ५:२०

१ ऑगस्ट २०१४ आधीच्या १४२ नोंदी आहेत, आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या. तालुका बघून एकेक हलवतेय. वसई आणि डहाणू झाले, आता जव्हार घेतलंय.